इनर लाइन राहू द्या

आपल्याच देशाच्या एका भागात जायला आपल्याच नागरिकाला परवाना लागावा, ही गोष्ट मला कित्येक वर्षं मान्य नव्हती. अरुणाचल प्रदेशात जाताना इनर लाइन परमिट काढावं लागतं, याचा मला मनापासून राग यायचा. मित्रांच्या बैठकीत, शिबिरांत, भाषणांत मी तो बोलूनही दाखवत असे. डिसेंबर २०१९ मध्ये हीच व्यवस्था मणिपूरलाही लागू झाली, तेव्हा देश उलट्या दिशेने निघाला आहे असं मी म्हटलं होतं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण जुनं मतही मी विचारपूर्वकच बाळगलं होतं.

त्या मतामागे एक परंपरा होती. माझी जडणघडण समाजवादी वातावरणात झाली. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५८ मध्ये, आणि पुन्हा १९५९ मध्ये, परवाना न घेता तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, पाऊल ठेवलं आणि अटक करवून घेतली, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगत असू. या प्रदेशाला त्यांनी ‘उर्वशीयम’ हे नावही दिलं होतं. डोंगरातल्या माणसांना उरलेल्या देशापासून वेगळं ठेवणं म्हणजे त्यांना परकं करणं, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटायचा. त्यात या रेषेचा जन्मच संशयास्पद. बेंगॉल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन १८७३ सालचं. आसामातले चहामळे डोंगराच्या पायथ्याशी सरकत होते, रबर आणि हस्तिदंताचे व्यापारी आत घुसत होते, जमातींशी चकमकी होत होत्या आणि त्या निस्तरणं सरकारला महागात पडत होतं. म्हणून इंग्रजांनी नकाशावर रेघ ओढली. त्यात डोंगरातल्या माणसांविषयीच्या कळवळ्यापेक्षा व्यापाराचा आणि तिजोरीचा विचार मोठा होता. असा कायदा स्वातंत्र्यानंतरही का चालू ठेवायचा, हा माझा प्रश्न होता.

मत मनात तसंच ठेवून मी परवाना काढला आणि निघालो. तेजपूरहून भालुकपाँगच्या नाक्यावर कागद दाखवून आत शिरलं, की कामेंग नदीच्या काठाने रस्ता वर चढू लागतो. टेंगा खोऱ्यातल्या लष्करी छावण्या मागे पडतात. आठ हजार फुटांवरचं बोमडिला लागतं, तिथून पाच हजार फुटांवरच्या दिरांगला उतरायचं आणि पुन्हा १३,७०० फुटांच्या सेला खिंडीकडे चढायचं. एका दिवसात केळीच्या बनातून पाइनच्या जंगलात आणि तिथून झाडाचं नावही नसलेल्या उघड्या डोंगरावर माणूस येतो. पुढे जसवंतगड. नोव्हेंबर १९६२ मध्ये रायफलमन जसवंतसिंह रावत जिथे लढता लढता पडले, तिथे आजही जवान येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात गरम चहा देतात. मग जंगचा धबधबा, आणि शेवटी दहा हजार फुटांवरचं तवांग. सतराव्या शतकातला तिथला मठ दुरून एखाद्या किल्ल्यासारखा दिसतो. सहावे दलाई लामा याच परिसरात जन्मले. १९५९ साली तिबेटातून निघालेले चौदावे दलाई लामा याच वाटेने भारतात आले.

माझं मत हललं ते तवांगला नव्हे, परतीच्या मुक्कामात, दिरांगला. नदीच्या वरच्या अंगाला एक उतार होता. खाली भाताची खाचरं, पलीकडे दगडी घरांचं जुनं गाव, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं प्रार्थनाचक्र. तिथे उभा असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : इथे आपली लहानशी जागा असावी. दोन खोल्या, एक व्हरांडा, वर्षातून महिनाभर येऊन राहायचं. मी ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते मोनपा जमातीचे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. संध्याकाळी चुलीशी बसून मी तो विचार त्यांना बोलून दाखवला. अरुणाचलात हिंदी सर्रास चालते, त्यामुळे आमचं सगळं बोलणं हिंदीतूनच चाललं होतं.

ते हसले. म्हणाले, “जागा आवडली ना, सर? इथे येणाऱ्या सगळ्यांनाच आवडते. म्हणून तर ती विकत मिळत नाही.”

मी नागरिकांच्या समान हक्कांचा मुद्दा काढला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “तुमच्या पुण्यात माणसं किती?” मी सांगितलं, २०११ च्या जनगणनेत नुसत्या महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख. ते म्हणाले, “आमच्या तवांग जिल्ह्यात तेव्हा पन्नास हजारसुद्धा भरली नव्हती. तुम्ही या, राहा, पुन्हा या. पण तुम्ही मालक झालात, तर या उतारावर गुरं नेताना मला तुम्हाला विचारावं लागेल.”

रेग्युलेशनमध्ये प्रवेशाच्या परवान्याइतकंच महत्त्वाचं दुसरं कलम आहे. रेषेच्या आत बाहेरच्या माणसाला सरकारच्या मंजुरीशिवाय जमिनीत किंवा जमिनीच्या उत्पन्नात हक्क मिळवता येत नाही. या कलमाची मला माहिती होती, पण वाद घालताना मी ते कधी विचारात घेतलं नव्हतं. माझा सगळा राग नाक्यावरच्या कागदावर होता. आता लक्षात आलं, की नाक्यावर मला अडवलेलं नव्हतंच. किरकोळ शुल्क भरून मिळालेल्या कागदावर मी सगळं खोरं पाहून आलो होतो. अडवली गेली होती ती माझी व्हरांड्याची इच्छा. आणि ती इच्छा माझ्या एकट्याची नव्हती. त्या उतारावर थांबणाऱ्या प्रत्येक सुखवस्तू प्रवाशाच्या मनात ती येत असणार. अख्ख्या अरुणाचलाची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १४ लाख होती आणि देशाची १२१ कोटी. हजारातल्या एकाने जरी ती इच्छा पुरी केली, तरी त्या चौदा लाखांच्या पायाखाली काय उरेल?

हे मी पुण्याजवळ डोळ्यांनी पाहिलं आहे. मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तेव्हा जमीन पाण्याखाली गेली. पुढे पाण्याकाठची आणि डोंगरउतारावरची जमीन फार्महाउसांखाली गेली, आणि या वेळी सत्याग्रह झाला नाही, कारण प्रत्येक व्यवहारावर रीतसर सही होती. मुळशी-मावळातल्या ज्या वाड्यांमध्ये तरुणपणी आम्ही ट्रेकच्या वाटेवर पिठलं-भाकरी खाल्ली, तिथली कितीतरी माणसं आज त्यांच्याच जुन्या शेतावरच्या बंगल्याची राखण करतात. कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा होता, दुसऱ्याला शनिवार-रविवारची जागा हवी होती. दोघांचे हक्क कागदावर सारखे होते. तरीही वीसेक वर्षांत गावाचा मालक बदलला.

आणि या बाबतीत आपला महाराष्ट्रही तत्त्व म्हणून वेगळं काही सांगत नाही. इथे शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. हा कायदा मी नेहमी न्याय्यच मानत आलो. पालघर-नंदुरबारच्या आदिवासीला जे संरक्षण हवं असं मी म्हणतो, तेच अरुणाचलातल्या मोनपा किंवा बुगुन जमातीच्या माणसाला मिळालं, की मला देशाचे तुकडे दिसायचे. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात शेजारी शेजारी कशा नांदत होत्या, याचं उत्तर शोधताना मी संविधान पुन्हा उघडलं. संचाराचं आणि वास्तव्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ आम्हाला पाठ होतं. पण त्याच कलमाचा पाचवा खंड सांगतो, की सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. घटनाकारांनी स्वातंत्र्य देतानाच हा विचार करून ठेवला होता. १८७३ च्या नियमाला आज आधार आहे तो या विचाराचा. इंग्रजांनी तो कोणत्या हेतूने केला, यावर त्याची आजची किंमत ठरवण्याचं मी सोडून दिलं.

जमीन स्थानिकांच्या हाती राहिली तर ते तिचं काय करतात, हेही पाहण्यासारखं आहे. दिरांगच्या दक्षिणेला ईगलनेस्ट अभयारण्य आहे. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण आथ्रेय यांनी तिथे पक्ष्याची एक नवी जात शोधून २००६ मध्ये जगापुढे मांडली. तिला नाव दिलं बुगुन लिओसिकला, तिथल्या बुगुन जमातीवरून. पक्षी इतके थोडे होते, की नमुन्यासाठी एकही न मारता, पकडून सोडलेल्या पक्ष्यांची गळलेली पिसं आणि छायाचित्रं यांवर वर्णन केलं गेलं. पुढे २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी आपल्या सामुदायिक जंगलातलं सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव म्हणून जाहीर करून घेतलं. गावातली तरुण मुलं तिथे गस्त घालतात, पक्षी पाहायला आलेल्यांना वाट दाखवतात. हे जंगल तुकड्या-तुकड्यांनी विकलं गेलं असतं, तर असा निर्णय घ्यायला गाव म्हणून कुणी उरलंच नसतं.

रेषेने सगळं भलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तवांग जिल्ह्यातल्या झेमिथांगच्या खोऱ्यात काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्याला येतात, मोनपा त्यांना पवित्र मानतात. त्याच खोऱ्यातल्या न्यामजांग छू नदीवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातला, तेव्हा इनर लाइन कामी आली नाही. लोकांना, त्यांत मठातल्या भिक्षूंनाही, स्वतः उभं राहावं लागलं. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. पुढच्याच महिन्यात तवांगमध्ये आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि दोघांचा जीव गेला. त्यातला एक भिक्षू होता. परवाना पर्यटकाला थांबवून तपासतो, मोठ्या प्रकल्पाला नाही. दुसरी खंत मजुरांची आहे. रस्ते बांधणारा, गवंडीकाम करणारा माणूस आसाम-बिहारमधून येतो. परवान्यासाठी त्याला स्थानिक हमीदार लागतो आणि त्यामुळे तो ठेकेदाराच्या मुठीत राहतो. मला घरबसल्या मिळालेला कागद त्याच्यासाठी टांगती तलवार असतो. लोहियांच्या आग्रहातला हा भाग मी सोडलेला नाही. श्रम करायला येणाऱ्या माणसाचा परवाना सोपा, स्वतंत्र आणि सन्मानाचा असलाच पाहिजे.

पण परवान्यामुळे तिथली माणसं देशापासून तुटतात, ही माझी सर्वांत मोठी भीती तिथे टिकली नाही. १९६२ मध्ये चिनी सैन्य बोमडिलापर्यंत उतरलं, तेव्हा अनेक मोनपा कुटुंबं घरंदारं सोडून आसामच्या मैदानाकडे निघाली होती. कोणत्या बाजूला जायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आज त्या वाटांवर ‘जय हिंद’ म्हणून अभिवादन करणारी पोरं भेटतात. बाहेरच्यांना जमीन विकत घेता येत नाही म्हणून त्यांचं भारतीयत्व कुठे उणं पडलेलं मला दिसलं नाही. आमच्या वादात लोहियांच्या समोर नेहमी व्हेरिअर एल्विन उभे असत. जन्माने इंग्रज, १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेले आणि पुढे नेफा प्रशासनाचे सल्लागार झालेले. आदिवासींना संग्रहालयात ठेवायला निघालेला माणूस, अशी आम्ही त्यांची संभावना करत असू. त्यांचं ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ मी अलीकडे मन लावून वाचलं. बदल नको असं ते कुठेच म्हणत नाहीत. बदलाचा वेग आणि त्याची दिशा त्या लोकांच्या हाती असावी, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. संग्रहालयातल्या वस्तूला आपली जागा विकायची की नाही हे ठरवता येत नाही. दिरांगच्या गुरुजींना ते ठरवता येतं.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा खुला झाला. हिवाळ्यात बर्फाने तुटणारं तवांग आता बारमाही जोडलं गेलं आहे, आणि ते व्हायलाच हवं होतं. आजाऱ्याला दवाखाना गाठायचा असतो, फौजेला पुढे सरकायचं असतं, शेतकऱ्याला माल खाली न्यायचा असतो. पण त्याच बोगद्यातून आपणही जास्त संख्येने वर जाणार. लडाखमध्ये भारतीय पर्यटकांना असा परवाना आता लागत नाही आणि जमिनीच्या संरक्षणासाठी तिथली माणसं घटनेच्या सहाव्या अनुसूचीची मागणी करत रस्त्यावर आली आहेत. रस्ता जितका सुधारेल, तितकी जमिनीवरची ही राखण गरजेची ठरेल. पूर्वी दुर्गमता जे काम करत होती, ते आता कायद्याला करावं लागणार आहे.

म्हणून माझं आजचं म्हणणं सरळ आहे. बोमडिला, दिरांग, तवांग जरूर पाहा. परवाना काढताना कुरकुर करू नका. स्थानिकांच्या मालकीच्या घरांत उतरा, त्यांच्या चुलीवरचं खा, पैसे त्यांच्या हातात पडतील असं बघा. आणि तिथला एखादा उतार इतका आवडला की आपला असावासा वाटला, तर तो आपला होऊ शकत नाही याचं समाधान माना. समान हक्कांवरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. पण एका बाजूला कोट्यवधी आणि दुसऱ्या बाजूला काही हजार माणसं असतील, तर त्या हजारांना ‘नाही’ म्हणता येणं हाही त्याच समानतेचा भाग आहे. आता कुठे इनर लाइन उठवण्याची मागणी निघाली, तर मी तिच्या विरोधात उभा राहीन.