काय गाळलं, ते सांगा

पक्ष्याच्या गाण्याचं सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचं आहे. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर ते उतरवलं. पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीतही गाणारा. पण हा शामा पाळलेला होता. जपून राहिलेल्या त्या पहिल्या पक्षिगानातच माणसाचा हात होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रानातल्या आवाजांतून संगीत घडवणाऱ्या प्रत्येकाला या हाताचं काय करायचं, ते ठरवावं लागतं.

फिनलंडचे संगीतकार एइनोयुहानी राउतावारा यांनी १९७२ मध्ये पक्ष्यांचे आवाज आणि वाद्यवृंद यांना एकत्र आणून ‘कॅन्टस आर्क्टिकस’ रचलं. त्यात एका चंडोलाचं गाणं संथ करून दोन सप्तकं खाली उतरवलंय. पक्षी ओळखू येत नाही, पण संगीत थोर आहे. आवाज बदलण्याला माझी हरकत नाहीच.

मला सर्वांत जवळची रचना मात्र हिल्डगार्ड वेस्टरकॅम्प यांची, १९८९ ची ‘किट्स बीच साउंडवॉक’. जेमतेम दहा मिनिटांची. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराचा किनारा, शांत सकाळ, हलकं पाणी, आणि खडकांना चिकटलेले बार्नॅकल. या इवल्या कवचधारी जीवांची बारीक टिकटिक चालू असते. पण मागे अख्ख्या शहराची घरघर आहे. वेस्टरकॅम्प स्वतः बोलून ते सांगतात, शहराचा आवाज मोठा करून ऐकवतात. मग सांगतात की स्टुडिओत ही घरघर गाळता येते, आणि आपल्या कानांदेखत गाळून टाकतात. उरते ती टिकटिक. तिच्यातून पुढे स्वप्नातले किणकिणते आवाज उमलत जातात. शेवटी शहर परत येतं, पण आता त्याला सामोरं जाण्याचं बळ आलेलं असतं. गाळणी सगळेच वापरतात. ती ऐकणाऱ्याच्या हातात ठेवणारं काम माझ्या ऐकण्यात दुसरं नाही.

पावसाळ्यात आंबोलीला रात्री माइक लावला की बेडकांचा गजर, पानांवरून ठिबकणारं पाणी आणि घाट चढणाऱ्या ट्रकचा गिअर हे सगळं एकदमच येतं. ट्रक काढण्याचा मोह होतोच. ते अवघडही नाही: इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत, झाडावरच्या छोट्या बेडकांची टिकटिक वरच्या. खालचं कापलं की बराचसा ट्रक जातो. पण त्याच्याबरोबर ओढ्याचा खर्जही जातो आणि रान पोकळ होतं. तिथे रस्ता आहे, ही गोष्टही पुसली जाते.

जागेची अशी खरी नोंद किती मोलाची असते, ते निसर्गाचे आवाज मुद्रित करणाऱ्या बर्नी क्राउस यांच्या कामातून कळतं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाचं कुरण आहे. तिथे निवडक झाडंच तोडणार, रानाला धक्का लागणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. क्राउस यांनी १९८८ मध्ये तोडीआधीची पहाट मुद्रित केली, आणि तोडीनंतर, पुढच्या वर्षी त्याच सुमारास, पुन्हा त्याच जागी माइक लावला. फोटोत कुरण जसंच्या तसं. आवाजात मात्र पक्ष्यांची दाटी नाहीशी झालेली, ओढा आणि एका सुतारपक्ष्याची टकटक तेवढी उरलेली. पहिलं मुद्रण कानाला गोड लागावं म्हणून सजवलं असतं, तर तुलनेला काय उरलं असतं?

म्हणून नव्याने माइक हाती घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रचना हवी तशी करा; बेडकाचा सूर ताणा, पावसाचा ठेका धरा. पण मूळ फाइल न कापता जपा, तिच्यावर जागा, तारीख आणि वेळ लिहा, आणि काय गाळलं ते ऐकणाऱ्याला सांगा.