कोऱ्या जागेचं वजन

छापखान्यात कोरी जागा कोरी नसते. दोन शब्दांच्या मध्ये, दोन ओळींच्या मध्ये, परिच्छेद संपल्यावर उरलेल्या अर्ध्या ओळीत कागदावर जे पांढरं दिसतं, ते खिळ्यांच्या छपाईत शिशाचं असतं. अक्षराच्या खिळ्यासारखंच ठोस, फक्त उंचीला कमी. शाईचा रूळ त्याच्यावरून जातो, पण त्याला टेकत नाही. बाबा मला ते तुकडे हातात द्यायचे. "हे क्वाड," ते म्हणायचे, "हे नीट भरले नाहीत तर अक्षरं उभीच राहणार नाहीत."

बाबा कंपोझिटर होते. कऱ्हाडपासून एसटीने तासाभरावर आमचं गाव, आणि गावात एकच छापखाना. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, जत्रेची हँडबिलं आणि दर शुक्रवारी निघणारं मालकांचं चार पानी साप्ताहिक. शाळा सुटली की मी बाबांचा डबा घेऊन जायची आणि ते जेवेपर्यंत खिळ्यांच्या केसेससमोर उभी राहायची. मराठीचा खिळा म्हणजे काही सव्वीस अक्षरांचं काम नव्हे. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, वेलांट्या, रफार, सगळ्यांची वेगळी घरं. बाबा न बघता हात घालत आणि बरोबर ते अक्षर काढत. जुळवलेला मजकूर ते उलटाच वाचत, आरशात दिसावा तसा. मला वाटायचं, सुलटं वाचणाऱ्याला जे दिसत नाही ते यांना दिसत असणार.

जून १९७५ संपता संपता, आणीबाणी लागल्यावर, मालक पुण्याहून एक इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन आले. २८ जूनचं 'इंडियन एक्स्प्रेस'. अग्रलेखाच्या जागी काहीच नव्हतं. चौकट होती आणि आत पांढरं. मालक, बाबा आणि ट्रेडल चालवणारे काका तिघं त्या पानावर वाकले होते. इंग्रजी वाचता येत होतं फक्त मालकांना, पण ते पान वाचायला इंग्रजी लागत नव्हतं. बाबांनी त्या पांढऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "केवढं शिसं लागलं असेल." मला तेव्हा वाटलं, ते धंद्याचं बोलतायत.

पुढे कायदा वाचू लागले, आणीबाणीतल्या सेन्सॉरच्या सूचना वाचल्या, तेव्हा एका सूचनेपाशी मी बराच वेळ थांबले. अग्रलेखाची जागा कोरी सोडायची नाही, आणि गांधी, टागोर, नेहरू यांच्यासारख्यांच्या वचनांनीही ती भरायची नाही. काय छापू नये हे सत्ता सांगते, हे समजू शकतं. पण न छापलेलंही दिसता कामा नये, हा हुकूम वेगळाच. कापल्याची खूण राहिली तर वाचणारा विचारणार की इथं काय होतं. म्हणून खूणही पुसायची. जखम झाकायची, आणि झाकलेल्या जागी रंग द्यायचा.

रंग देणाऱ्यांची कमतरता नव्हती. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला आणि थोड्याच दिवसांत तो एसटी स्टँडवर, पंचायतीच्या भिंतीवर, आमच्या शाळेच्या फळ्यावर आला. बोलणं कमी, काम जास्त, अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. 'अनुशासन पर्व' हे शब्द तर सगळीकडे होते. ते शब्द होते विनोबांचे, आणि विनोबा त्या वर्षी मौनात होते. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचं मौन त्यांनी धरलं होतं. पवनारला भेटायला गेलेल्यांना त्यांनी लिहून दाखवलेले ते दोन शब्द, महाभारतातल्या एका पर्वाचं नाव. न बोलणाऱ्या माणसाच्या हातचे दोन शब्द उचलून राज्यकर्त्यांनी देशभर घोषणा केली. मौन सुटल्यावर विनोबांनी सांगितलं की अनुशासन हे आचार्यांचं असतं, सत्तेचं ते शासन. पण तोवर पाट्या वाळल्या होत्या. विनोबांबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही. पण ते दोन शब्द लिहिले गेले नसते तर, असं अजूनही मनात येतं. प्रचाराला मौनातही जागा सापडते, फक्त एखादा शब्द सांडावा लागतो.

याच काळातलं एक दुसरं मौन मला जास्त जवळचं वाटतं. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश नारायण तुरुंगातून सुटले होते ते मूत्रपिंडं निकामी होऊन, मुंबईच्या इस्पितळात होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करायला मंडपाला उभं केलं. बाबा आणि मालक गेले होते. बाबा परत आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाल्या?" बाबांना भाषणातलं फारसं सांगता येईना. ते एवढंच म्हणाले, "सगळे उठलो." सेन्सॉरला वाक्यं कापता येतात. उभं राहिलेल्या माणसांचं काय कापणार? पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली, तेव्हा बाबा दोन दिवस फारसे बोलले नाहीत.

छापखान्यात एक रेडिओ होता. ट्रेडलच्या खडखडाटात तो नीट ऐकू यायचा नाही, पण काका तो बंद करू देत नसत. मे १९७६ मध्ये आकाशवाणीनं किशोरकुमारची गाणी लावणं थांबवलं, कारण सरकारी कार्यक्रमासाठी त्यानं नकार दिला होता. हे मी मोठी झाल्यावर वाचलं आणि दचकले. काकांना किशोरकुमार प्राणापलीकडे आवडायचा. तरी आम्हा कुणाला त्याची गाणी गेलेली कळली नव्हती. रेडिओ मुका झाला असता तर कळलं असतं. पण दुसरी गाणी लागत होती, चांगली होती, आणि काका त्यांच्यावरही मान डोलावत होते. त्या मान डोलावण्याचा विचार करते तेव्हा अजून पोटात कसंतरी होतं. भीती वाटली तर माणूस निदान जागा राहतो. भरलेल्या जागेत तो झोपी जातो.

नंतर मी वकील झाले. मुंबई हायकोर्टात पहिल्यांदा गेले तेव्हा टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्याची ती कोर्टखोली शोधत गेले. बाहेर लावलेल्या पाटीवर ज्युरीचा कौल ऐकल्यावर टिळकांनी काढलेले उद्गार आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ती बसली. पण मला त्या उद्गारांपेक्षा खटल्यातल्या एका कंटाळवाण्या भागाचं वेड आहे. जुलै १९०८ मध्ये टिळक ज्युरीपुढे एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला कितीतरी वेळ 'केसरी'तल्या मराठी लेखांचा सरकारी इंग्रजी तर्जुमा कुठं कुठं चुकला हे दाखवण्यात गेला. एकेक शब्द. मराठीत याला ही छटा आहे, तुम्ही इंग्रजीत ती घातलीत. सात युरोपीय आणि दोन पारशी ज्युरर. सात विरुद्ध दोन असा कौल आला, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, आणि टिळक मंडालेला गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. एकवीस तास तो माणूस कायद्याशी जितका भांडला तितकाच अर्थाशी भांडत होता. माझ्या शब्दाचा अर्थ मला न विचारता कोण ठरवणार, हाच तिथला वाद होता.

त्याआधी टिळकांवरच्याच १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयीच्या 'अप्रीती'चा अर्थ लावला होता तो प्रीतीचा अभाव. म्हणजे द्वेष करणं लांबच राहिलं, प्रेम नसणंही पुरे. या न्यायानं माझ्या बाबांसारख्या गप्प माणसालाही पकडता आलं असतं.

आपल्या घटनेनं हे बदललं, असं मी शाळेत शिकले. एकोणिसाव्या अनुच्छेदानं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं. पण घटना लागू झाल्याला चार महिने होतात न होतात तोच, मे १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाचं प्रकरण आलं. मद्रास सरकारनं त्याला आपल्या प्रांतात बंदी केली होती. न्यायालयानं बंदी उठवली. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि निर्बंधांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था आली, गुन्ह्याला चिथावणी आली. त्याच दुरुस्तीनं एक शब्द नागरिकाच्या बाजूनंही घातला: निर्बंध 'वाजवी' हवेत. त्या एका शब्दावर माझं आयुष्य गेलं. अर्थ ठरवायची मुभा ज्याला, त्याच्या हाती अधिकार. कधी न्यायाधीश तो अर्थ ठरवतात, पण बहुतेक वेळा तो रात्री साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यातल्या टेबलावर ठरतो.

निर्बंध नकोतच, असं मी कधीच म्हटलं नाही. धमकावणारं बोलणं, कुणाच्या घरावर जमाव चालून जावा म्हणून केलेलं बोलणं, खोटं बोलून एखाद्याचं नाव मातीत घालणं, यांना बोलण्याचं संरक्षण मिळू नये. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राजद्रोहाचं कलम ठेवलं, पण हिंसेच्या किंवा अराजकाच्या चिथावणीपुरतंच. सरकारवर कडक टीका हा गुन्हा नव्हे, हे तेव्हाच लिहून झालं. तरीही पुढची साठ वर्षं त्या कलमाखाली गुन्हे नोंदत राहिले, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाला ते कलम थांबवून ठेवावं लागलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण सार्वभौमत्वाला धोका आणणाऱ्या कृत्यांचं नवं कलम आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेलं. शब्द गेला, घर तेच राहिलं. माझ्या अशिलांच्या डोळ्यांत मला निकालाची भीती फारशी दिसली नाही. त्यांना भीती असायची ती तारखांची. पालघरला २०१२ मध्ये दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींपायी अटक झाली. ज्या कलमाखाली झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम २०१५ मध्ये रद्द झालं. मधल्या काळात किती जणांनी लिहिलेलं खोडून टाकलं असेल, त्याची नोंद कुठल्या कोर्टात असणार?

कायद्यातलं मला सगळ्यात प्रिय प्रकरण केरळमधल्या तीन भावंडांचं आहे. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचा हक्कही आला. हा निकाल मी ऑफिसात एकटी वाचत होते. वाचून झाल्यावर मला कऱ्हाडचा मंडप आठवला, आणि पांढऱ्या चौकटीवरून फिरणारं बाबांचं बोट.

आता कोरी जागा कुणी ठेवतच नाही. सकाळी फोन उघडला की रात्रभरात आलेलं सगळं अंगावर येतं, आणि माझ्या मावशीला एकाच गोष्टीचे पाच व्हिडिओ पाच ओळखीच्या माणसांकडून येतात. पाचही तिला खरे वाटतात, कारण पाठवणारे पाचही तिचे आहेत. तिला कुणी काही वाचण्यापासून अडवलेलं नाही. दुसरं काही वाचायला जागाच शिल्लक ठेवलेली नाही.

आमच्या साप्ताहिकाचं मात्र सांगायचं राहिलं. १९७६ च्या पावसाळ्यानंतर मालकांनी आठ ओळी लिहिल्या होत्या. तालुक्यात नसबंदीच्या शिबिरांसाठी शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगतायत, न आणणाऱ्यांचे पगार अडलेत, एवढंच. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. बाबांनी त्या जुळवल्या. प्रूफ जिल्ह्याच्या गावी एका साहेबांकडे गेलं आणि लाल रेघ मारून आलं. जागा कोरी ठेवायची नव्हती, म्हणून सोबत भरायचा मजकूरही आला, वीस कलमांपैकी एकावरचा. बाबांनी तोही जुळवला, नेहमीसारखा, एक मात्रा न चुकता. मी रागावले होते. बारा वर्षांची होते, मला वाटत होतं त्यांनी निदान एखादी वेलांटी उलटी लावायला हवी होती.

पण त्या आठ ओळींचे खिळे त्यांनी केसमध्ये परत टाकले नाहीत. दोऱ्यानं आवळून बांधले आणि वरच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवले. पुढचे कितीतरी महिने आम्हाला 'क्ष' कमी पडायचा, कारण 'शिक्षक' शब्द त्या आठ ओळींत तीनदा आला होता. मालकांना माहीत होतं. ते काही बोलले नाहीत.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. मालक म्हणाले, आता ती बातमी शिळी झाली. बाबांनी एका संध्याकाळी पुडकं खाली काढलं, हातानं शाई लावली आणि एकच प्रूफ उमटवलं. पगार अडलेल्यांपैकी एक गुरुजी आमच्याच आळीत राहायचे. त्यांना बोलावलं. गुरुजींनी ती चिठ्ठी दिव्याखाली धरली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, परत वाचली.

"यात माझं नाव नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, गुरुजी."

"नक्की?"

"नाव कुणाचंच नाही."

गुरुजींनी चिठ्ठीची बारीक घडी केली, खिशात घातली, मग काढून पुन्हा टेबलावर ठेवली आणि चहा न घेताच गेले.

बाबांनी दोरा सोडला. अक्षरं एकेक करून आपापल्या घरात टाकू लागले. क्वाड त्यांनी बाजूला काढले होते, ते शेवटी टाकले.