पाणी तोडलेला मोगरा

आमच्या घरी वसंत सुरू होतो तो मोगऱ्याचं पाणी तोडण्यापासून. संक्रांतीची सुगडं पुजून झाली की सासूबाई परसात जातात, मोगऱ्याच्या आळ्यात पायानेच माती चाचपतात आणि सांगतात, "उद्यापासून ह्याला घालू नकोस गं." लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा पहिल्या वर्षी मला हे ऐकून कसंसंच झालं होतं. हिरवंगार झाड, आणि त्याला मुद्दाम उपाशी ठेवायचं? आता मीच पौष संपायची वाट बघते.

मंगळवार पेठेतलं आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. पुढे अंगण, मागे परस. अंगण ह्यांचं, परस सासूबाईंचं, आणि मी दोन्हीकडची बिनपगारी माळीण. ही वाटणी कुणी बोलून केलेली नाही, पण ती इतकी पक्की आहे की डेलियाचा गड्डा परसात गेला तर घरात चर्चा होते.

थंडीभर मान अंगणाचा. दिवाळीच्या सुमाराला रोपवाटिकेतून ट्रे येतात, वाफे होतात, आणि डिसेंबरात पिटुनिया, फ्लॉक्स, डॉगफ्लॉवर, डेलिया असा सगळा जामानिमा उभा राहतो. सकाळी किल्ल्यावर फिरायला जाणारी माणसं फाटकाशी थांबतात. हे मुद्दाम त्याच वेळी बाहेर काठ्या बांधत असतात. शेवंती तर खास थंडीचीच. तिला दिवस लहान आणि रात्र मोठी झालेली कळते, त्याशिवाय ती कळी धरत नाही. आमच्या शेजारी रस्त्यावरचा दिवा नवा, जास्त प्रखर बसवला, तेव्हा त्या बाजूची शेवंती मागे पडली आणि आडोशाची वेळेवर फुलली. पालिकेच्या दिव्याने झाडाची रात्र खाल्ली, असं सासूबाई अजून म्हणतात.

पण ही सगळी मंडळी दिसायला. डेलियाचं फूल थाळीएवढं, रंग असा की बघत राहावं, आणि नाक नेलं तर काही नाही. सासूबाई त्याला कधी देवाजवळ नेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "देवाला काय दाखवायचंय?"

जानेवारीच्या शेवटी दोन्हीकडे काहीतरी हलायला लागतं. पहाटे अजून शाल लागते, पण दुपारी अंगणातली फरशी अनवाणी पायाला चटका देते. पिटुनिया लांबट, चिकट होतो आणि फक्त टोकाला फुलतो. डॉगफ्लॉवरच्या दांड्यावर खालून बोंडं धरत वर जातात. गुलाब येतो पण लहान, आणि पाकळीची कड करपल्यासारखी तपकिरी. फूल उघडून झटकलं की कागदावर बारीक फुलकिडे पळताना दिसतात. हे रोज सकाळी सुकलेली फुलं खुडतात आणि "अजून पंधरा दिवस सहज" म्हणतात. मला ह्यांच्या आशावादाचं कौतुक आहे, पण पाणी मी घालते, त्यामुळे मला माहीत असतं. संध्याकाळी भिजवलेला वाफा दुसऱ्या दिवशी दुपारी भेगाळलेला असतो.

तिकडे परसात मोगरा पिवळा पडत जातो. दोन-तीन आठवडे पाणी नाही म्हटल्यावर पानं गळतात, उरलीसुरली आम्ही हाताने ओरबाडून काढतो. मग सासूबाई पाटावर बसतात आणि मी कात्री घेऊन त्या सांगतील तिथे कापते. "आणखी खाली. गुडघ्याएवढं ठेव. दया नको दाखवूस." वाळकी, आत वळलेली, पेन्सिलीहून बारीक काडी सगळी जाते. भोवतीची माती उकरायची, वरच्या मुळ्यांना दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग जुनं शेणखत घालून आळं बांधायचं आणि पोटभर पाणी. ह्या सगळ्याचं कारण साधं आहे: मोगरा नव्या फुटीवर येतो. वर्षभर पाणी पीत राहिलेलं झाड पानं वाढवतं आणि मधूनच एखादं फूल देऊन बोळवण करतं. ताण दिला, छाटलं, की सगळे डोळे एकदम फुटतात.

पण ते फुटेपर्यंतचे दिवस बघवत नाहीत. माघात आमच्या परसात पाऊल ठेवणाऱ्याला वाटेल की इथे कुणी राहत नाही. मोगऱ्याच्या जागी काड्यांचा जुडगा. पांढरा चाफा तर पूर्ण नागडा, ढोपरात वाकलेल्या हातांसारख्या त्याच्या फांद्या नुसत्या आभाळाकडे. जुई सुस्त, अनंत धूळ खात. फक्त कुंद तेवढा आपलं शेवटचं देणं देत असतो. ह्याच दिवसांत वसंत पंचमी येते. पंचांगाच्या हिशेबाने माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर आणि वसंत चैत्र-वैशाखाचा, म्हणजे वसंताच्या नावाची पंचमी ऐन शिशिरात. हवामान खात्याने तर वसंत ठेवलेलाच नाही. त्यांच्याकडे जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, आणि मार्चपासून थेट पावसाआधीचा उन्हाळा. फेब्रुवारीत दुपारी आमच्या अंगणात उभं राहिलं की खात्याचं पटतं. पण सकाळी परसात गेलं की पंचमी खरी वाटते, कारण तिथे बघण्यासारखं चालू असतं, फक्त जवळ जाऊन बघावं लागतं.

मी चहाचा कप घेऊन मोगऱ्यापाशी उकिडवी बसते. कापलेल्या काडीच्या सांध्यावर आधी नुसता फुगवटा येतो, मोहरीएवढा. मग त्याला तांबूस टोक. दोन-चार दिवसांनी त्यातून समोरासमोर दोन पानं निघतात, इतकी चकचकीत की ओली वाटतात. ह्याच सुमाराला जास्वंदीवर येणारा सूर्यपक्षी कपडे बदलत असतो. थंडीत तो मादीसारखाच मळकट असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी वेगळी. आता त्याच्या अंगावर जांभळे-काळे ठिपके पडू लागतात, अर्धवट रंगवून सोडल्यासारखे, आणि महिन्याभरात पठ्ठ्या उन्हात निळाजांभळा चमकतो. फूल मोठं असलं तर तो समोरून आत जायच्या भानगडीत पडत नाही, बुडाशी चोच खुपसून मध चोरतो. शेजारच्या उंबरावर तांबटाचं टुकटुक सुरू होतं. ते एकदा लागलं की दुपारची झोप संपली.

आणि वणवा. हे कुठल्याच वसंतवर्णनात नसतं, पण साताऱ्यात ते असतं. डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, कुणीतरी काडी टाकतो आणि रात्री कड्याखाली लाल रेघ सरकताना दिसते. सकाळी ह्यांच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या पिटुनियावर काळी कुसळं पडलेली असतात. मला त्या माणसांचा संताप येतो. गवत जाळलं की पुढे चांगलं येतं, हे सांगणारे त्या गवतातल्या घरट्यांबद्दल आणि नुकत्या लावलेल्या रोपांबद्दल काही बोलत नाहीत.

फाल्गुन लागला की अंगण एकदम हात टेकतं. एका रविवारी हे स्वतःच वाफे उपटायला घेतात. तोंडाने काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही. डेलियाचे कंद माती झटकून, सावलीत सुकवून, कोरड्या वाळूत घालून जिन्याखाली जातात. शेवंतीचा फुलून गेलेला दांडा कापला की बुडाशी पिल्लं फुटलेली दिसतात, ती कुंड्यांत लावून अनंताच्या सावलीला ठेवायची. म्हणजे उन्हाळ्यात ह्यांची शेवंती सासूबाईंच्या आश्रयाला येते. त्या दोन महिन्यांत वाटणीबद्दल कुणी बोलत नाही.

चाफ्याच्या बोडक्या टोकांवर आधी कळ्यांचे झुबके आणि मागाहून पानं. हा देवचाफा, पण मूळचा अमेरिका खंडातला. झेंडू आणि डेलियाही तिकडचेच. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आला ना, राहिला ना, मग झालं." चाफ्याची एक गंमत मला फार आवडते: त्याच्या फुलात मध नसतोच. रात्री वासाला भुलून पतंग येतात, फुलाफुलांत सोंड घालून रिकामे परततात, आणि जाता जाता चाफ्याचं काम करून जातात. परसातली बहुतेक झाडं ह्याच कारणाने पांढरी आणि वासाची. त्यांची गिऱ्हाइकं अंधारात येतात, त्यांना रंग दाखवून उपयोग नाही. आमच्या बटमोगऱ्याला मात्र ह्याचंही सुख नाही. पाकळ्यांची इतकी दाटी की बी धरतच नाही. तो माणसाच्याच हाताने वाढतो. आमचा सासूबाईंच्या माहेरून, वाईहून, फांदीला दाब देऊन आणलेला.

होळीच्या आगेमागे नव्या फुटीच्या टोकांना तीन-तीनच्या कळ्या दिसतात, दातेरी हिरव्या देठात बसलेल्या. यंदा पहिल्या बहरातल्या बऱ्याच कळ्या जांभळट पडल्या. उघडून बघितलं तर आत बारीक अळी. तशा कळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, निंबोळीचं तेल फवारलं, आणि पुढचा बहर स्वच्छ आला. दुपारी चारला टपोरी, पांढरी झालेली कळी ओळखून तोडायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळायची. दिवेलागणीला फडकं उघडलं की कळ्या हलक्या हाताने उमलत असतात. पाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीला बांधायला कडुनिंब आणायला गेले तर त्यालाही तांबूस पालवी आणि बारीक फुलोरा. त्या गोडसर कडू वासात मला गाठ्या आठवतात, इलाज नाही.

चैत्रगौर बसली की परस तोऱ्यात. हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि येणाऱ्या प्रत्येकीला घरच्या मोगऱ्याचा गजरा. माठात रोज संध्याकाळी चार फुलं. अंगणातून आत येणाऱ्या बायका रिकामे वाफे बघून "बाग काढली का हो?" विचारतात, आणि मागच्या दारातून वास आला की आपणच तिकडे वळतात.

नळाला येणारं कास तलावाचं पाणी तोवर रडतखडत यायला लागलेलं असतं, म्हणून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठतं. त्या बादलीवरून आमच्याकडे रोज वाद. ह्यांना ते शेवंतीच्या पिल्लांना हवं असतं, पुढची थंडी डोळ्यांसमोर असते त्यांच्या. सासूबाई म्हणतात, आधी मोगरा, दुसरा बहर यायचाय. मी अर्धी बादली इकडे आणि अर्धी तिकडे घालते, आणि दोघांनाही सांगते की तुमच्याच झाडाला जास्त घातलं.