दादरच्या वाळूवरची चैत्यभूमी

केरीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की तेरेखोल नदी समुद्राला मिळताना दिसते. हाच समुद्र कोकणपट्टीला लागून वर सरकत मुंबईत शिरतो आणि दादरला एका पांढऱ्या घुमटापाशी येतो. संध्याकाळी पेडण्याला कोकणकन्येत बसावं, पहाटे दादरला उतरावं, शिवाजी पार्क ओलांडावं. समोर चैत्यभूमी.

पहिल्यांदा आलेला म्हणतो, एवढीशी? हो, एवढीच. चौकोनी बांधणी, वर बेताचा घुमट, सांचीच्या तोरणाची प्रतिकृती, अशोकस्तंभ. आत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी, त्यांचा अर्धपुतळा आणि बुद्धमूर्ती. आजूबाजूला टॉवर वाढले, समोरच्या पाण्यात 2009 साली सागरी सेतू आला. हिला उंचीचा सोस कधी लागला नाही.

तिचा जन्म चितेच्या जागी झाला. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले आणि दुसऱ्या दिवशी याच वाळूवर बौद्ध पद्धतीने त्यांना अग्नी दिला गेला. नागपूरला त्यांनी घेतलेल्या बौद्ध धम्माच्या दीक्षेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच जमलेल्यांना धम्मदीक्षा दिली. रडत आलेली हजारो माणसं बौद्ध होऊन घरी गेली. असा जन्म फार थोड्या वास्तूंच्या वाट्याला येतो.

चैत्य उभा राहायला मात्र वेळ लागला. बाबासाहेबांचे चिरंजीव भैय्यासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या जन्मगावाहून, महूहून मुंबईपर्यंत भीमज्योत आणली, गोरगरिबांनी पैसे दिले आणि 5 डिसेंबर 1971 ला बाबासाहेबांच्या सूनबाई मीराताई आंबेडकरांच्या हस्ते उद्घाटन झालं. लोकांच्या पैशावर वाढलेली ही लेक. म्हणून तिच्या दारात कुणालाही ओळख सांगावी लागत नाही.

इथे नवस बोलत नाहीत. मेणबत्ती लावायची, फूल वाहायचं, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या बाया पांढऱ्या लुगड्यात तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात, शिवाजी पार्कात पथारी टाकतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. प्रसादाच्या जागी पुस्तक! मला ही तिची सगळ्यात मोठी थोरवी वाटते.

गोव्याच्या माणसाला बुद्ध परका नाही. बार्देशातल्या कोलवाळला 1930 साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली. ती आज मुंबईतच, सेंट झेवियर्स कॉलेजातल्या हेरास संस्थेच्या संग्रहालयात आहे. मुंबईला जाल तेव्हा दोघांना भेटा. चैत्यभूमीला मात्र निवांत दिवस शोधत बसू नका. 6 डिसेंबरलाच जा, रांगेत उभे राहा आणि पुढच्या-मागच्या माणसाला त्याचं गाव विचारा.