मृत्युपत्राआधी फेरफार

मृत्युपत्र करायचं ठरलं की शिरवळसारख्या गावात वकील बहुधा ओळखीतून निवडला जातो. पाहुण्यांपैकी कुणी असतो, नाहीतर कोर्टात जोरात भांडतो अशी ख्याती असलेला कुणी. याच व्यवसायात राहून माझं मत असं झालं आहे की या कामासाठी वकील पारखावा तो त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून. ‘कुणाला काय द्यायचंय?’ हा प्रश्न कुणीही विचारील. ‘ही जमीन तुमच्याकडे आली कशी?’ हे जो आधी विचारतो, आणि तोंडी उत्तरावर न थांबता जुने फेरफार मागतो, त्याच्यासमोर निश्चिंत बसावं.

नीरेकाठच्या या पट्ट्यात महामार्ग आणि औद्योगिक वसाहत आल्यापासून जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर उतरला आहे, त्यामुळे या प्रश्नाला फार वजन आलं आहे. सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचं नाव दिसतं आणि घरातले सगळे धरून चालतात की जमीन त्यांच्या एकट्याच्या मालकीची आहे. पण मागचा फेरफार काढला तर आजोबांच्या वारसनोंदीत, वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं सापडू शकतात. एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून त्यांचं नाव लागलं, एवढाच त्यांचा अर्थ. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, त्यावर नाव आल्याने मालकी निर्माण होत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्राने देता येतो तो फक्त स्वतःचा हिस्सा, आणि हा हिस्सा आपण समजतो त्याहून पुष्कळ लहान निघतो.

किती लहान, हे सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेल्या एका दाव्यावरून कळेल. गुरुपद विरुद्ध हिराबाई या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. कुटुंबप्रमुख 1960 साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पत्नीने वाटणी मागितली. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित होती आणि त्यांनी हयातीतच ती वाटून दिली होती, असा बचाव झाला. तो टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 1978 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. आधी कागदावर वाटणी धरली: पती, पत्नी, दोन मुलगे, प्रत्येकी पाव. मग मृताचा पाव भाग सहा वारसांत वाटला. पत्नीला चोवीसपैकी सात भाग मिळाले, तर मुलींच्या वाट्याला या हिशेबाने येतो तो चोवीसपैकी एकेक. अशाच रचनेच्या कुटुंबात आज 2005 च्या दुरुस्तीप्रमाणे मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत. वाटणी सात जणांत होईल, वडिलांचा सातवा भाग पुन्हा सहा वारसांत जाईल आणि शेवटी प्रत्येकाला एक षष्ठांश येईल. याच वडिलांनी ‘सगळी जमीन धाकट्याला’ असं मृत्युपत्र केलं असतं, तर ते लागू पडलं असतं त्या सातव्या भागापुरतं. भाषा कितीही रेखीव असो.

यावर म्हटलं जातं की मृत्युपत्राला वकील लागतच नाही. खरं आहे. साध्या कागदावर ते चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही; सही आणि दोन साक्षीदार पुरतात. स्वतःच्या पगारातून घेतलेली एक सदनिका पत्नीला द्यायची असेल तर एवढं पुरेसं असतं, आणि प्रामाणिक वकिलाने तसं सांगावंही. शेती, घरजागा, भूसंपादनाचा मोबदला आणि बँकेतल्या ठेवी एकत्र आल्या की मात्र हिशेब बदलतो. बँकेत नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही, ही समजूतही मोठी आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या इस्टेटीवरून निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं की शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: वकील इतकं खोदून विचारतात आणि झोपलेले वाद जागे करतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा हक्क बापाच्या कानावर घालणं काही घरांना रुचत नाही, हे मला माहीत आहे. पण तो हक्क वकिलाने निर्माण केलेला नसतो. आज बाप हयात असताना तिच्याशी बोलता येतं, तिची खुशी असेल तर रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. पुढे तीच गोष्ट खंडाळ्याच्या किंवा वाईच्या कोर्टात भाऊ विरुद्ध बहीण अशी उभी राहते.

म्हणूनच वकिलाच्या खोलीत कोण बसलंय याला महत्त्व आहे. ज्या मुलाला मोठा वाटा मिळणार त्यानेच वकील ठरवला, मजकूर सांगितला, साक्षीदार आणले, तर न्यायालय त्या मृत्युपत्राकडे संशयाने पाहतं. 1959 पासून हे तत्त्व पक्कं आहे. चांगला वकील त्या मुलाला नम्रपणे बाहेर बसायला सांगतो. त्याचा राग मानू नका. पक्षकार वडील आहेत.

तेव्हा जाताना सातबारा, खातेउतारा, खरेदीखतं आणि मिळतील तितके जुने फेरफार पिशवीत घाला, फी किती आणि ती कशाकशाची हे आधी विचारा, आणि मजकूर घरी नेऊन वाचायला मागा. वकिलाने ते कागद बाजूला सारून थेट टायपिंगला सुरुवात केली, तर पिशवी उचला आणि दुसऱ्याकडे जा.