खारे पाणी आणि येझदीचे झाकण

इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमला रंग नसतो आणि क्रोमचा मुलामाही नसतो. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच आतल्या धातूची राखण करतो. क्लोराइडपुढे मात्र या थराचा निभाव लागत नाही. मिठाचा अंश असलेले पाणी धातूवर पुन्हा पुन्हा सुकले, की ठिकठिकाणी पांढरी भुकटी फुटते आणि भुकटीखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. बर्फाळ देशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाड्यांचे उघडे ॲल्युमिनियम असेच खराब होते. वऱ्हाडात हे मीठ जमिनीतूनच वर येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूला बोअरचे पाणी तोंडाला खारट लागते. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे गोडे पाणी मिळते. त्यामुळे गाडी कुठे धुतली जात होती, हे तिच्या इंजिनाच्या झाकणावरून बरेचदा ओळखता येते.

प्रस्तुत लेखकाकडे आलेली येझदी रोडकिंग मोटारसायकल दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतावर कित्येक वर्षे बोअरच्याच पाण्याने धुतली गेली होती. या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो आणि तो डाव्या झाकणातून बाहेर येतो. चालवणाऱ्याची चप्पल जिथे घासत आली होती, तेवढा टिकलीएवढा भाग लख्ख होता. बाकी सारे झाकण चुना मारल्यासारखे पांढरट पडले होते. त्या टिकलीमुळेच खालचा धातू शाबूत असल्याची खात्री पटली आणि काम हाती घेतले गेले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातले उत्पादन १९९६ साली थांबले, म्हणून मूळ झाकण सांभाळणे भागच होते.

पहिली अडचण स्क्रूंची. पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी साचले, की त्यांची जणू बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजते. त्या झिजेची भुकटी आट्यांत घट्ट बसते. साध्या पेचकसाने जोर लावला तर स्क्रूची खाच उडते. म्हणून आदल्या रात्री झिरपणारे तेल सोडून सकाळी इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हरवर हातोडीचे बेताचे ठोके द्यावे लागले.

झाकण सुटल्यावर ते रॉकेल आणि ब्रशने धुतात. इथे धुण्याचा सोडा वापरायचा मोह टाळलाच पाहिजे, कारण अल्कली ॲल्युमिनियमला खाते आणि धातू काळपट पडतो. चिंच किंवा पितळ घासायची पावडर देवघरातल्या भांड्यांसाठी ठीक. या धातूवर तिचा उपयोग नाही.

खरे काम वॉटर पेपरचे. चकाकी बाहेरून चढवता येत नाही. खड्ड्याच्या तळापर्यंतचा धातू घासून काढला, म्हणजे ती आपोआप दिसू लागते. सुरुवात ३२० नंबरच्या कागदाने होते. मग ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि शेवटी २०००. कागद पाण्यात भिजवायचा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची. दिशा बदलली की आधीच्या कागदाचे ओरखडे वेगळे ओळखू येतात आणि ते पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. येझदीच्या झाकणावर घाईत ४०० वरून थेट १००० वर उडी मारली गेली होती. ओला धातू चांगला दिसत होता. बफ केल्यावर आरशासारख्या पृष्ठभागातून त्या जुन्या रेघा उन्हात केसांसारख्या वर आल्या आणि दोन संध्याकाळींचे काम पुन्हा ६०० पासून करावे लागले.

बफचे चाक सुती कापडाच्या चकत्या शिवून केलेले असते. फिरत्या चाकाला आधी तपकिरी आणि मग पांढरी पॉलिशची वडी लावतात. दोन्हींसाठी चाके वेगळी ठेवतात. झाकण चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर धरायचे. वरच्या बाजूला कडा अडकली तर चाक ते हातातून हिसकावून फेकते. तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवाच. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून जवळ वेल्डिंग किंवा बिडी चालू नसावी. घासताना कापडावर येणारा काळा लेप म्हणजे मळ नव्हे, वडीच्या मेणात मिसळलेला धातूच. तो शेवटी मैद्याने पुसतात. मैदा तेलकटपणा ओढून घेतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती धोतराच्या फडक्याइतके दुसरे काही चालत नाही, हे कापसाच्या मुलखात वेगळे सांगायला नको. दाबही हलका ठेवावा. एका दुकानात बफ करून आणलेल्या दुसऱ्या एका झाकणाच्या कडा गोल झाल्या होत्या आणि ते गॅस्केटवर नीट बसेना.

चकाकी टिकवण्यासाठी काही जण पारदर्शक लॅकर मारतात. तापणाऱ्या इंजिनावर ते पिवळे पडते आणि एकदा फुटले की त्याखाली पाणी शिरून डाग वाढत जातो. त्यापेक्षा मेणाचा पातळ हात बरा. तो उष्णतेने उडतो, वऱ्हाडच्या मे महिन्यात तर फारच लवकर, म्हणून दर पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. शेतावरून आल्यावर गाडीवर गोड्या पाण्याची एक बादली ओतून ती लगेच कोरडी पुसली, तर मीठ धातूवर सुकत नाही. नवे स्क्रू बसवताना आट्यांना ग्रीस लावतात.

येझदीच्या झाकणावर किकच्या दांड्याजवळ तीन खड्डे तसेच ठेवले आहेत. ते खोल होते आणि तिथली भिंत पातळ होती.