चार सड, एक पट्टी

शनिवार. काष्टीचा जनावरांचा बाजार. दुभती गाय घेणारा दात नंतर बघतो, आधी कासेखाली बसतो. चारही सडांची पहिली धार तळहातावर. गाठ, पाणी, रक्ताची तार दिसली की मुकाट उठतो. उघडी ‘दगडी’, म्हणजे कासदाह, तळहाताला कळते. सुप्त कासदाहात मात्र दूध दिसायला स्वच्छ असतं.

डेअरीतली निळी चाचणी मला फार आवडते. १० मिली दूध, १ मिली मिथिलीन ब्लू, ३७ अंश. निळा रंग पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. जिवाणू ऑक्सिजन संपवतात, रंग जातो. पण पाच तासांत बाजारातली गाय भीमा ओलांडून दौंडपार.

बाजारात हवी जागेवरच उत्तर देणारी पट्टी. त्यासाठी एक पॉलिमर म्हणजे पॉलिडायअ‍ॅसिटिलीन. ते मुळात निळं. पृष्ठभागावर काही चिकटून ताण आला की साखळी वाकते, लाल होतं. १९९३मध्ये अमेरिकेत शॅरिक आणि सहकाऱ्यांनी हे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर दाखवलं. जिवाणूंची पाळी नंतर आली. वीज नको, यंत्र नको. बाजाराला हेच परवडेल.

दुसरा पर्याय पॉलिअ‍ॅनिलीन. ते वीज वाहतं. अशा पॉलिमरांना २०००चं रसायनाचं नोबेल मिळालं. त्यावर प्रतिपिंडं बसवायची. जिवाणू अडकला की प्रवाह बदलतो. पण हे आम्लात खुलतं, आणि ताजं दूध साधारण ६.६ पीएचचं. तिथे वाहकता गळते. वर स्निग्धांश आणि केसीन कुठेही चिकटतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात जिंकलेली पट्टी कच्च्या दुधात हरते, ती इथे.

शिवाय कच्च्या दुधात जिवाणू असायचेच. ‘आहेत का’ हा प्रश्नच फुकट. ‘कोणते’ हे विचारायला हवं.

ब्रुसेला, उदाहरणार्थ. गाय गाभडते, गोठ्यात पसरतो, कच्च्या दुधातून माणसालाही ताप. २०१९पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस देतात. लशीमुळेही प्रतिपिंडं येतात, म्हणून प्रतिपिंडं शोधणारी चाचणी गोंधळू शकते. थेट जिवाणू पकडणारी पट्टी इथे कामाची. तरी अडचण उरतेच: ब्रुसेला दुधात रोज उतरत नाही. पट्टी निळी राहिली म्हणून गाय निर्दोष ठरत नाही.

एका दलालाला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, तंबाखू मळत विचारलं, “लाल झाली तर मग गाय घरी कोण नेणार?”